टिळकांचे अभंग आणि आपली मिस्सा

रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव निघाले की आपणांस अहमदनगर आठवते, राहुरी आठवते. नागपूर सहसा आठवत नाही. वास्तविक त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते याच शहराच्या परिसरात. बुटी यांच्या आश्रयाने ते येथे राहिले, धर्मचर्चेसाठी 'ऋषि' हे मासिक त्यांनी चालविले, आणि पुढे नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. मनोभावे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे तो सहप्रवासी म्हणाला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांचा बाप्तिस्मा झाला. ते प्रॉटेस्टंट मंडळीत गेले, आपल्या ख्रिस्तसभेत आले नाहीत, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. पुढील सारी चर्चा याच गोष्टीपाशी येऊन थांबणार आहे.

त्यांची भजने आता आपल्या मराठी मिस्सेतही अधूनमधून कानी पडतात, आणि ती सुरू झाली की मागच्या बाकांवरील म्हाताऱ्या माणसांचेही ओठ हलू लागतात. हे का घडते? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या घटनेद्वारे लोकभाषेला वेदीपाशी जागा दिली. आम्हांस लॅटिनऐवजी मराठी मिळाली खरी, परंतु ती पुष्कळदा इंग्रजीच्या चालीने चालणारी मराठी होती. एकात एक गुंतलेली 'ज्याने', 'ज्याला', 'ज्यामुळे' अशी वाक्ये धर्मगुरूंनाही एका दमात म्हणता येत नाहीत. मग भाविकांनी 'आमेन' कशाला म्हणायचे? नागपुरात तर अडचण दुहेरी. १९५६ पर्यंत हे हिंदी-मराठी अशा संमिश्र प्रांताच्या राजधानीचे शहर होते, आणि आजही येथील मराठी कुटुंब इंग्रजी व हिंदी मिस्सेच्या मध्ये कोठेतरी उभे असते. ठेच लागली की 'आई गं' म्हणणारे मूल रात्रीची प्रार्थना मात्र इंग्रजीत पाठ म्हणते. आमचा रोष मुलावर नाही.

टिळकांनी ही अडचण सोडविली, कारण त्यांना भाषांतर करावेच लागले नाही. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची स्वतःची भावना होती. ख्रिस्त त्यांना माउली वाटतो, गुरू वाटतो. त्याच्याशी ते लडिवाळपणे भांडतात, रुसतात. येथे सिद्धान्त सांगितलेला नसतो, नाते सांगितलेले असते. डोंगरावरील प्रवचनाने ज्याचे मन जिंकले त्याच्या वाणीत हा ओलावा येणारच.

तरीही आमचा एक आक्षेप आहे, आणि तो चालीविषयी नाही. या अभंगांतील भक्त बहुधा एकटा असतो. 'मी' आणि 'तू' यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. मंडळी नाही, वेदी नाही, अर्पण नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, टिळकांनी 'देवाचा दरबार' स्थापिला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही शिष्यांसाठी. त्यामागील औदार्य आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या उपासनेचा कणा संस्कार हाच आहे, तिला हे औदार्य जसेच्या तसे पेलत नाही. म्हणून अर्पणविधीच्या वेळी, जेव्हा भाकर व द्राक्षारस सर्वांच्या वतीने वेदीवर येतात, तेव्हा असा अभंग आम्हांस उपरा वाटतो. ख्रिस्तप्रसाद स्वीकारून मनुष्य जाग्यावर परततो, डोळे मिटतो, तेथे मात्र त्याच्यासारखे दुसरे काही नाही. गायकवृंदाने एवढा विवेक केला तरी पुष्कळ होईल. (आणि कीबोर्डवर ठेका थोडा सावकाश ठेवला तर आणखी उत्तम.)

आपल्यापाशी आपला स्वतःचा ठेवाही आहे, हे येथे विसरून चालणार नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. त्या येशूसंघीय इंग्रजाला स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरताना संकोच वाटला नाही. त्यांच्या पुराणात श्रोत्यांची मंडळी सतत समोर बसलेली असते. प्रश्न विचारणारे असतात, उत्तर देणारा पाद्री असतो. टिळकांत जे उणे वाटते ते येथे आहे. पण चार शतकांपूर्वीची ती ओवी आज सहज गाता येत नाही, हेही खरेच.

राहता राहिल्या लक्ष्मीबाई. टिळकांनी 'ख्रिस्तायन' आरंभिले, दहा-अकरा अध्याय लिहिले आणि १९१९ साली ते निवर्तले. उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. शाळेचे रीतसर शिक्षण नसलेल्या, संसार ओढणाऱ्या स्त्रीने प्रभूचे चरित्र ओव्यांत सांगितले, ही गोष्ट कोणत्याही ईशज्ञानाच्या ग्रंथाइतकीच आम्हांस मोलाची वाटते. ते काव्य मिस्सेसाठी नाही; ते घरासाठी आहे. सायंकाळी पवित्र माळ संपल्यावर, मुले उठून जाण्यापूर्वी, आजीने ते मोठ्याने वाचावे. एकंदर अध्याय पंचाहत्तरच्या आसपास भरतात. रोज दोन वाचले तर उपवासकाळाच्या चाळीस दिवसांत पुरे होतात.