‘झुंड’ची परीक्षणे आणि एक दुर्लक्षित बोली

करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे यांनी दिग्दर्शित केलेला ‘झुंड’ हा हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. नागपुरातील झोपडपट्टीच्या मुलांना फुटबॉलकडे वळविणारे, ‘स्लम सॉकर’ संस्थेचे संस्थापक विजय बारसे यांच्या कार्यावर तो आधारलेला आहे. परीक्षणांचा सूर बहुतांशी ठरावीक होता: पूर्वार्ध जोमदार, महाविद्यालयीन संघाशी झालेला सामना रंगतदार, अमिताभ बच्चन यांचा अभिनय संयत, उत्तरार्ध मात्र रेंगाळलेला आणि सुमारे तीन तासांची लांबी अवाजवी. पहिल्या तीन विधानांबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. चौथे मात्र तपासून घेण्याजोगे आहे; कारण ते करताना पात्रांच्या भाषेचा फारसा विचार झालेला दिसत नाही.

‘सैराट’च्या वेळी (२०१६) असे घडले नव्हते. करमाळा-अकलूजकडील बोली तेव्हा सर्वत्र चर्चेचा विषय झाली. ‘झुंड’मधील पोरे नागपुरी हिंदी बोलतात. ‘मेरे को’, शब्दाला चिकटणारा मराठी ‘च’ आणि वाक्याअंती येणारा ‘बे’ ही तिची ठळक लक्षणे. तिला ‘अस्सल’, ‘रांगडी’ म्हणून सोडून देण्यात वर्णन टाळल्याखेरीज काही साधत नाही. (मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच बाजारात ऐकणाऱ्या सोलापूरकराला असले मिश्रण वावगे वाटू नये.) प्रशिक्षक बोराडे यांची हिंदी याहून निराळी, प्रमाण वळणाची आहे. ‘झुंड’ न म्हणता ‘टीम’ म्हणा, अशी दुरुस्ती तेच सुचवितात. मराठीत झुंड लांडग्यांची असते, आणि ‘झुंडशाही’ हा तर निव्वळ निंदाव्यंजक शब्द. असा अर्थ एका दुरुस्तीने पुसला जात नाही, याची जाण दिग्दर्शकाला आहे.

म्हणूनच उत्तरार्ध कागदांचा झाला आहे. परदेशातील स्पर्धेसाठी पारपत्र हवे आणि पारपत्रासाठी नाव, जन्म, पत्ता यांचा लेखी पुरावा हवा. रिंकू राजगुरू यांनी साकारलेल्या आदिवासी मुलीला तो मिळविण्यासाठी बापाबरोबर वणवण करावी लागते. ज्यांचा सारा व्यवहार तोंडी चालतो, त्यांना लेखी भाषा पावलोपावली अडविते. तेथे गती मंदावणे हा आशयाचाच भाग होय. सामना हाच क्रीडापटाचा कळस, अशी धारणा असलेल्या परीक्षकाला हे सारे खेळाबाहेरचे वाटले. ‘फिफा स्ट्रीट’ (२००५) या व्हिडिओ खेळात गल्लीतला फुटबॉल म्हणजे ख्यातनाम व्यावसायिक खेळाडूंच्या कसरती. तेथे मैदानात उतरताना कोणी दाखला मागत नाही. ‘झुंड’मध्ये तो मागितला जातो, आणि भारत म्हणजे काय, असा प्रश्न एक पोर सहज विचारून जाते.

लांबीचा आक्षेप एका स्थळी मात्र मान्य करावा लागतो. न्यायालयात बोराडे भाषण करतात, तेथे प्रसंगाची जागा प्रतिपादन घेते. पूर्वार्धात ज्या पोरांनी आपापली हकिगत आपल्याच बोलीत सांगितली, त्यांची बाजू येथे त्यांच्या वतीने प्रमाण हिंदीत मांडली जाते, आणि ती बोली नेमकी त्याच वेळी मुकी होते.