ज्यूरीसाठीं लिहिलेलें गद्य

कायद्याच्या ग्रंथांची समीक्षा वाङ्मयीन मासिकांत सहसा होत नाहीं. परंतु ज्या गद्याच्या आधारें बारा सामान्य माणसांनीं एखाद्याच्या स्वातंत्र्याचा निर्णय करावयाचा, त्याची भाषा तपासणें हें समीक्षकाचेंच काम होय. कॅलिफोर्नियाच्या ज्युडिशिअल कौन्सिलनें सिद्ध केलेला फौजदारी सूचनांचा संग्रह १ जानेवारी २००६ पासून प्रचारांत आला. त्यांतील ५९५ क्रमांकाची सूचना, मोटारीनें मनुष्यवध झाला असतां चालकानें वेगाचा नियम मोडला कीं नाहीं हें ज्यूरीनें कसें ठरवावें, तें सांगते. वकिली अवडंबर टाकून सुबोध लिहावयाचें, ही संग्रहकर्त्यांची प्रतिज्ञा.

ती बव्हंशीं पाळली गेली आहे. ‘प्रायमा फेसी’ ही लॅटिन जोडी तेवढी सुटली नाहीं. आपला ‘सकृद्दर्शनीं’ तिच्याहून बोलका! शाळेजवळ मुलें असतां ताशीं २५ मैल ही अशी सकृद्दर्शनी मर्यादा. ती ओलांडली म्हणजे दोष झालाच असें नव्हे, झालासा दिसतो इतकेंच. मूळ नियम असा कीं, हवा, रहदारी व रस्ता पाहतां जो वेग योग्य, त्याहून अधिक वेगानें कोणीं जाऊं नये. दाट धुक्यांत वीस मैलही अधिक ठरतील.

या सूचनेंतील खरा विवेक पुढेंच आहे. मोटार-कायद्याचें २२३५१ वें कलम, आपला वाढीव वेग निर्धोक होता हें दाखविण्याचा भार चालकावर टाकतें. सूचना तो उचलून सरकारपक्षावर ठेवते. दंडाच्या पावतीस जो न्याय पुरतो तो मनुष्यवधाच्या आरोपास पुरत नाहीं, हें तिनें जाणलें आहे.

तथापि एक उणीव आम्हांस मोठी वाटते. ज्यूरी वेगाचा विचार करूं लागते तेव्हां प्रेत तिच्या डोळ्यांपुढें असतें. ज्या वेगानें माणूस मेला तो निर्धोक होता असें म्हणण्यास मन कसें धजावें? हजारों चालक त्याच रस्त्यानें त्याच वेगानें जाऊन सुखरूप घरीं पोंचले असतील. त्यांचा विचार कोण करणार? अपघातापूर्वींचा रस्ता पाहा, अपघातावरून वेग मोजूं नका, असें एखादें सरळ वाक्य येथें हवें होतें. चालकास ठाऊक असलेली परिस्थिति लक्षांत घ्यावी, एवढें सूचना सांगते खरी. पण तें एका लांब वाक्याच्या पोटांत, आणि पंचांच्या खोलींत छापील प्रत हातीं असूनही डोळा तेथें थांबेलच असा भरंवसा नाहीं.