रंगराव अप्पांची बाजू

एखाद्या ऐतिहासिक कादंबरीवर टीकाकारांनी काय लिहिले आहे ते पाहण्याआधी घरातली माणसे तिच्याविषयी काय बोलतात ते ऐकावे, असे माझे जुने मत आहे. टीकाकार पुस्तक एकदा वाचतो आणि आपले मत कायमचे ठरवून टाकतो. घरातली माणसे तेच पुस्तक तीनतीनदा वाचतात आणि दर खेपेला त्यांचे मत थोडेथोडे सरकते. हरी नारायण आपटे यांच्या ‘उषःकाल’विषयी मला जे काही सांगायचे आहे ते मी अशाच एका घरात शिकलो. ते घर आमचेच, नगरच्या माळीवाड्यातले. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. पण ही हकिकत जुनी, म्हणून जुन्या नावानेच सांगतो.

‘उषःकाल’ हरिभाऊंनी आपल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून १८९५ ते १८९७ या काळात क्रमशः प्रसिद्ध केली. तिच्या आधीची त्यांची ‘म्हैसूरचा वाघ’ ही मेडोज टेलर या इंग्रज लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेली होती. ‘उषःकाला’चे बीज मात्र इथल्या मातीतले. काळ आहे विजापूरच्या आदिलशाहीचा आणि शिवाजीमहाराजांच्या उद्योगाच्या अगदी आरंभाचा. सुलतानगडचे किल्लेदार रंगराव अप्पा हे बादशहाचे इमानी चाकर. त्यांचा मुलगा नानासाहेब याचे मन मात्र त्या नव्या उद्योगाकडे ओढ घेते. या बापलेकांभोवती रात्रीच्या दौडी, गुप्त खलबते आणि एकमेकांवरच्या पाळती यांचे मोठे जाळे हरिभाऊंनी विणले आहे. शेवट मी सांगत नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांचा आनंद आपण का हिरावून घ्या?

१९५८ च्या दिवाळीत ही कादंबरी आमच्या घरी मोठ्याने वाचली गेली. दुपारचा फराळ झाला की ओसरीवर सतरंजी पडे. काका वाचीत, आम्ही मुले पोटावर पालथी पडून ऐकत असू, आत्या वाती वळीत बसे आणि आमचे आजोबा, ज्यांना सारे घर तात्या म्हणे, खांबाला टेकून डोळे मिटून असत. ते झोपले आहेत की ऐकत आहेत हे कोणाला कळत नसे.

आता एकेकाचे मत ऐका. आम्हा मुलांचा नायक नानासाहेब नव्हताच. तो होता सावळ्या, ते चलाख पोर. सावळ्या आला की आम्ही उठून बसायचो आणि प्रकरणात तो नसला की चकल्यांच्या डब्याकडे आमचे लक्ष जायचे. आत्याचे म्हणणे वेगळे. “हे हरिभाऊ गोष्ट सांगतात की कीर्तन करतात रे? माणूस संकटात लोंबकळतंय आणि हे आपले ‘वाचकहो’ म्हणून बोलत बसलेत!” शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. ते येता जाता थांबून एकच प्रश्न विचारीत, “हा सुलतानगड कोणत्या बखरीत आहे?” आणि काकांचे मत तर त्यांच्या आवाजातच होते. नानासाहेबांची वाक्ये ते उभे राहून वाचीत.

ही चारही मते मला आज खरी वाटतात, आणि चारही अपुरी वाटतात.

मुलांचे मत हा या प्रकारच्या कादंबरीचा पाया आहे. उत्कंठा नसेल तर साहसकथेने उभेच राहू नये. आत्याची तक्रारही रास्तच. हरिभाऊंचा पाल्हाळ कोणी नाकारू शकणार नाही. आठवड्याला एक हप्ता लिहिणाऱ्या लेखकाला वाचकाला थोपवून धरावे लागते, आणि आधीच्या अंकात काय झाले त्याची आठवणही करून द्यावी लागते. सात दिवसांच्या अंतराने जे गोड लागते तेच सलग वाचताना जड होते. हा दोष दोषच आहे. फक्त त्याचे मूळ कारण आळस नसून साप्ताहिक आहे, एवढेच.

मास्तरांचा प्रश्न सर्वांत अवघड. ‘हे खरे घडले का?’ हा प्रश्न पोरकट म्हणून उडवून लावण्याची टीकाकारांना सवय आहे. नगरच्या माणसाने तसे करू नये. आमच्या गावाबाहेर शाह डोंगरावर एक अष्टकोनी तीनमजली इमारत आहे. सगळे गाव तिला चांदबीबीचा महाल म्हणते, सहली नेते, मुलांना डोंगर चढवते. वस्तुतः ती निजामशाहीतला सरदार सलाबतखान याची कबर आहे. चांदबीबीने १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांच्या सुरुंगाने पडलेले खिंडार रातोरात बुजवून घेतले, आणि १६०० मध्ये तिला तिच्याच माणसांनी मारले, हा इतिहास. पण गावाला तिच्यासाठी एक उंच, वारा खाणारी जागा हवी होती, म्हणून गावाने ती दुसऱ्याची घेऊन तिला दिली! गाव हेच पहिले कादंबरीकार असते. म्हणून वाचकाने ‘खरे घडले का’ हे जरूर विचारावे. पण त्यानंतर दुसरा प्रश्नही विचारावा, की ‘असे घडू शकले असते का?’ सुलतानगड बखरीत सापडला नाही तरी चालेल. सुलतानगडावर राहणारे मन त्या काळात सापडले पाहिजे.

वाचक लेखकाशी असे भांडतात हे काही आपल्याकडचेच नाही. वॉल्टर स्कॉटची ‘आयव्हॅनहो’ १८१९ च्या अखेरीस निघाली, तेव्हा नायकाने ज्यू मुलगी रिबेका हिच्याशी लग्न का केले नाही म्हणून वाचकांनी त्याला दोष दिला. स्कॉटला १८३० च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याचे उत्तर द्यावे लागले. त्या युगाच्या समजुतींनी असे लग्न जवळजवळ अशक्य केले होते, हे त्याचे एक कारण. म्हणजे वाचक पात्रावर प्रेम करतात आणि लेखक युगाकडे बोट दाखवतो. ऐतिहासिक कादंबरीची सारी कसोटी या ओढाताणीत आहे.

आणि म्हणूनच मी रंगराव अप्पांकडे येतो.

आमच्या ओसरीवर अप्पा कोणालाच आवडत नसत. मुलगा स्वराज्याकडे धावतो आहे आणि हा म्हातारा बादशहाच्या इमानाला चिकटून बसतो! काका त्यांची वाक्ये मुद्दाम चिरक्या आवाजात वाचीत आणि आम्ही हसत असू. असेच एका दुपारी वाचता वाचता काका थांबले, पुस्तकातून मान वर न करताच म्हणाले, “असे अप्पा प्रत्येक घरात असतात. आमच्याही घरात होते.”

वातींवरचा आत्याचा हात थांबला. आम्हा मुलांना काही कळले नाही. कळले ते पुढे, मोठेपणी. १९४२ च्या ऑगस्टपासून नगरच्या किल्ल्यात पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद स्थानबद्ध होते. किल्ल्याच्या खंदकापासून आमचे घर काही दूर नव्हते. काका तेव्हा सतरा वर्षांचे. रात्री पत्रके वाटीत. तात्या सरकारी कचेरीत कारकून. काकांची पत्रके ज्वारीच्या कणगीत असत, आणि तात्यांना ते ठाऊक होते. त्यांनी ती कधी बाहेर काढली नाहीत, आणि नोकरीचा राजीनामाही दिला नाही. रोज सकाळी टोपी घालून ते कचेरीत जात. त्या राजीनाम्यावरून बापलेकांत जे अंतर पडले ते सोळा वर्षांनी ओसरीवर, हरिभाऊंच्या पुस्तकाच्या आडून, बाहेर पडले होते.

तात्यांनी डोळे उघडले. ते रागावले नाहीत. म्हणाले, “अप्पाला हसू नका. तो चुकला असेल. पण तो खोटा नव्हता.” आणि काकांना म्हणाले, “वाच पुढं. आता त्याच्याच आवाजात वाच.”

एवढेच. पण ‘उषःकाला’वरची याहून नेमकी टीका माझ्या वाचनात नाही.

कारण चुकलेला आणि खोटा हा फरक हरिभाऊंनी केला आहे, आणि तो न करणाऱ्या कादंबऱ्या आपल्याकडे उदंड आहेत. त्यांत एका बाजूला सारे शूर असतात आणि दुसऱ्या बाजूला सारे फितूर. अशा कादंबरीत घोडे कितीही दौडले तरी काळ जागचा हलत नाही. रंगराव अप्पांना हरिभाऊंनी खलपुरुष केले नाही. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्याशी प्रामाणिक राहणे हा त्यांचा धर्म आहे, आणि त्या धर्माला हरिभाऊ पूर्ण वजन देतात. म्हणूनच नानासाहेबाच्या बंडालाही वजन येते. बाप हास्यास्पद असता तर मुलाच्या निश्चयाला किंमत काय राहिली असती?

हे इतिहासाला धरून आहे का, असे मास्तर विचारतील. त्यांना मी बखरीऐवजी नगरजवळच्या भातोडीला नेईन. १६२४ मध्ये तिथे लढाई झाली. निजामशाहीच्या बाजूने मलिक अंबराबरोबर शहाजीराजे आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी होते. समोर मोगल आणि आदिलशाही फौजा. मोगलांच्या बाजूला होते लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे! शरीफजी तिथेच पडले. या दोन भावांची नावे नगरच्या शाह शरीफ पिराच्या नवसावरून ठेवली असे परंपरा सांगते. आपले कोण आणि परके कोण, हे त्या मैदानावर कोणी रंगाची रेघ मारून सांगावे? पुढे १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले. ज्या दरबाराशी रंगराव अप्पा इमान राखतात तो हाच दरबार. म्हणजे अप्पा आणि नानासाहेब ही कल्पित जोडी असली तरी तिची छाया खऱ्या इतिहासात, खुद्द भोसल्यांच्या घरात, पडलेली आहे. सुलतानगड कोणत्या बखरीत नसेल. पण तो घराघरांत होता.

शिवाय ही कादंबरी प्रथम वाचली कोणी? तिचे हप्ते निघत होते त्याच सुमारास लोकमान्य टिळकांनी रायगडच्या समाधीची चळवळ उचलली, आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी-उत्सव झाला. एकीकडे ही हवा, आणि दुसरीकडे ‘करमणूक’ वाचणाऱ्या सुशिक्षित घरांतली कितीतरी माणसे इंग्रज सरकारची नोकरी करणारी. दिवसा कचेरीत मान खाली घालायची आणि रात्री दिव्याखाली नानासाहेबाबरोबर घोड्यावर बसायचे! हरिभाऊंनी त्या वाचकाला नुसते चेतवले नाही, त्याची लाजही काढली नाही. त्याच्यातला बाप आणि त्याच्यातला मुलगा या दोघांनाही त्यांनी बोलू दिले.

म्हणून माझे मत असे, की साहसी ऐतिहासिक कादंबरीची परीक्षा तिच्या नायकावरून करू नये. नायक सगळेच रंगवतात. जो पराभूत होणार आहे, काळ ज्याच्या विरुद्ध आहे, त्याला लेखकाने किती न्याय दिला ते पाहावे. या परीक्षेत ‘उषःकाल’ आजही उतरते. तिचा पाल्हाळ धरून, वाचकाला दिलेल्या हाका धरून उतरते.

त्या दुपारी काकांनी पुढचे पान वाचले. आवाज चिरका केला नाही. प्रथम थोडा अडखळला, मग सरळ झाला. संध्याकाळी पणत्या लावताना तात्यांनी पुस्तक स्वतः मागून घेतले, जिथे वाचन थांबले होते तिथे आत्याने वळलेली एक वात खुणेसाठी ठेवली, आणि ते काकांच्या हातात परत दिले. काकांनी ते दोन्ही हातांनी घेतले.

यंदाच्या दिवाळीत तुमच्याही घरी असे एखादे जाड पुस्तक मोठ्याने वाचावे. सावळ्यासाठी मुले आपोआप गोळा होतील. फक्त खांबाला टेकून डोळे मिटलेले जे कोणी असतील, त्यांचे मत शेवटी विचारायला विसरू नका.