मराठी पडद्यावरचा विनोद: नट आणि पात्र

मराठी चित्रपटातील विनोदी नटाची दोन घराणी. एक तमाशातल्या सोंगाड्याचे, दुसरे नाटकातल्या पांढरपेशा गृहस्थाचे. दुसऱ्या घराण्यात दामुअण्णा मालवणकर, राजा गोसावी, शरद तळवलकर अशी परंपरा आहे. 'ब्रह्मचारी' (१९३८) आणि 'लाखाची गोष्ट' (१९५२) हे तिचे ठळक टप्पे. सोंगाड्याला मात्र नायकाची जागा दादा कोंडके यांनी मिळवून दिली. 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातला त्यांचा हवालदार आधीच गाजला होता, आणि 'सोंगाड्या' (१९७१) मधल्या भोळ्या, आईच्या धाकातल्या नाम्याने त्यांना घरोघरी पोहोचवले. दादांच्या द्व्यर्थी संवादांवर इतके लिहिले गेले, की नाम्याच्या स्वभावाची घडण दुर्लक्षितच राहिली. दोन्ही कलाकृतींचे लेखन वसंत सबनीस यांचे होते.

सबनीसांचे नाव पुन्हा 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मध्ये येते. कथेचा मूळ धागा 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी चित्रपटाचा असला, तरी भाड्याच्या खोलीसाठी वाटेल ते करणारा धनंजय माने अस्सल मराठी ठरला. अशोक सराफ यांची मिस्कील नजर आणि संवाद फेकण्याची हातोटी अनेक चित्रपटांत दिसते. इथे तिला पात्राचा आधार मिळाला, म्हणून माने आजही बोलण्यात येतात.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या वाट्याला असा आधार कमी वेळा आला. 'धूमधडाका' (१९८५) नंतर त्यांच्या धांदलीची, अडखळण्याची आणि रडवेल्या आवाजाची इतकी मागणी वाढली, की पात्राचे नाव बदलले तरी 'लक्ष्या' तोच राहिला. 'झपाटलेला' (१९९३) मध्ये तर तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला त्यांच्यापेक्षा जास्त लक्षात राहतो. पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'एक होता विदूषक' (१९९२) मध्ये बेर्डे यांनी तमाशातून सिनेमात गेलेल्या नटाची शोकांतिका उभी केली. तिकीटबारीवर चित्रपट चालला नाही. हसवणाऱ्याने हसवतच राहावे, हा प्रेक्षकांचा हट्ट त्यात उघड झाला, पण निर्मात्यांनीही पुन्हा तसा धोका पत्करला नाही.

दूरचित्रवाणीवरच्या विनोदाची सुरुवात मात्र पात्रापासून झाली. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी साकारलेले चिमणराव-गुंड्याभाऊ चिं. वि. जोशी यांच्या पुस्तकांतून आधीच वाचकांच्या परिचयाचे होते. पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिकाही प्रभावळकरांच्याच 'अनुदिनी' या पुस्तकातून आली. टिपरे आजोबांच्या बारीकसारीक सवयींतून उमलणारा तो विनोद सावकाश चढत जाई. त्याला हशा पेरावा लागत नसे.

'फू बाई फू', 'चला हवा येऊ द्या' (२०१४ पासून) आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' (२०१८ पासून) या प्रहसनांच्या कार्यक्रमांनी ही घडी बदलली. प्रहसन थोडक्यात संपते, परीक्षक हसतात, कॅमेरा त्यांच्यावर जातो. या तालमीने नटांची फळी उभी केली. भाऊ कदम यांचे गोंधळलेले मौन, समीर चौघुले यांची लवचीक देहबोली, विशाखा सुभेदार यांचा दणका ही कमाई खरी आहे. 'हवा येऊ द्या'त सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांची पत्रे वाचत, तेव्हा हसरा मंच क्षणभर हेलावून जाई, कारण तिथे लिहिलेला मजकूर भक्कम होता. एरवी साडी नेसलेला पुरुष, नक्कल आणि ठरलेली लकब यांवरच भागवले जाते. गौरव मोरे यांचा 'फिल्टरपाड्याचा बच्चन' किंवा नम्रता संभेराव यांची 'लॉली' लोकप्रिय झाली ती पुनरावृत्तीमुळे. प्रवेशापुरते एवढे पुरते, त्याच्यापलीकडचे आयुष्य मात्र या व्यक्तिरेखांना सहसा मिळत नाही.

म्हणूनच मोठ्या पडद्यावर आल्यावर यांतल्या अनेकांची पंचाईत होते. 'पांडू' (२०२१) मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांची जोडी दादांच्या हवालदाराचा वारसा सांगते, पण तिचे हशे सुटे सुटे पडतात. याउलट परेश मोकाशी यांच्या 'नाच गं घुमा' (२०२४) मध्ये नम्रता संभेराव यांना आशा ही घरकामाला येणारी बाई मिळाली. मालकिणीची अडवणूक करणारी, तिच्यावर जीव लावणारी, पुन्हा रुसणारी. मुक्ता बर्वे यांच्यासमोर त्या पूर्ण लांबीचा चित्रपट लकबींवर विसंबून न राहता पेलतात.