‘उन्हाळी’ डिसेंबरात का लागते?

आमच्या नाशिक जिल्ह्यात ‘निवृत्ती’ हा आदराचा शब्द आहे. त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांची समाधी आहे. दरवर्षी तिथून पालखी पंढरपूरला निघते. ‘रजोनिवृत्ती’तही तोच शब्द आहे, पण तिथे तो मला खटकतो. पाळी थांबली म्हणजे विषय संपला, असं तो सुचवतो. बायकाही एकमेकींना ‘सुटलीस बाई’ म्हणतात.

शरीर मात्र सुटत नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की योनीचं आणि मूत्रमार्गाचं अस्तर पातळ, कोरडं होतं. योनीतली आम्लता घटते, जंतुसंसर्ग सोपा होतो. मग लघवीला जळजळ, सारखी घाई, खाज, संबंधांच्या वेळी वेदना. अंगातून निघणाऱ्या वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास उपचारांशिवाय सहसा वाढत जातो.

या जळजळीला मराठीत शब्द आहे: ‘उन्हाळी लागणे’. तो चारचौघांत उच्चारता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण तो सगळा दोष ऋतूवर टाकतो. म्हणून डिसेंबरच्या थंडीतही साठीची बाई धने-जिऱ्याचं पाणी पिऊन गप्प बसते.

डॉक्टरांचे जुने शब्दही अपुरेच होते. ते योनीच्या झिजेबद्दल बोलत, लघवीचा त्रास बाहेर राही. २०१४मध्ये दोन वैद्यकीय संघटनांनी ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ हे नाव पुढे आणलं. नाव बोजड आहे, पण दोन्ही त्रासांचं मूळ एक आहे हे ते सांगतं.

नुसत्या नावानं भागत नाही, विचारावंही लागतं. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले; आधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास केवळ रजोनिवृत्तीचा नव्हता. पण बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही, हा समज त्यानं मोडला.

‘उन्हाळी’ हा शब्द टाकून द्यावा असं मला वाटत नाही. आईनं तो उच्चारला की ‘किती दिवसांपासून?’ एवढं विचारावं. लघवीची तपासणी होते, योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम डॉक्टर देऊ शकतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर मात्र थांबूच नये.