२५० किलोमीटर, १.७५ किलो आणि न विचारलेले प्रश्न : हायड्रोजन गाड्यांच्या चाचण्या कशा वाचायच्या?

पीएचडीच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो. "अलीकडे वाचलेला एखादा पेपर सांगा, आणि त्यात काय कमी आहे तेही सांगा." पहिला अर्धा भाग सगळ्यांचा पाठ असतो. दुसऱ्या अर्ध्याला बहुतेक जण "सॅम्पल साइज कमी होता" म्हणून सुटका करून घेतात. टीका करायची सवय लागते ती करून करूनच, आणि त्यासाठी महागडी जर्नल्स लागत नाहीत. सरकारी प्रसिद्धिपत्रकं पुरतात. ती फुकट असतात, छोटी असतात आणि त्यांत आकडे असतात. आज आपण हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांची पत्रकं घेऊ, कारण त्यातलं बरंच काम आपल्या पुण्यात झालंय आणि पुढची मोठी चाचणी पुणे-मुंबई रस्त्यावर आहे, म्हणजे आमच्या बदलापूरपासून फार लांब नाही.

पहिलं पत्रक ऑक्टोबर २०२० चं. सीएसआयआर आणि केपीआयटी यांनी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणारी मोटार चालवून दाखवली. पाच आसनी सेडान, १० किलोवॅटचा देशात बनवलेला स्टॅक, ३५० बार दाबाच्या टाकीत १.७५ किलो हायड्रोजन, आणि ताशी ६०-६५ किलोमीटर वेगाने सुमारे २५० किलोमीटरचा पल्ला.

आता पेन घ्या. एक किलो हायड्रोजनमध्ये ३३.३ युनिट ऊर्जा असते (युनिट म्हणजे किलोवॅट-तास, विजेच्या बिलावर असतं तेच). १.७५ किलो म्हणजे ५८ युनिट. फ्युएल सेलची कार्यक्षमता ५० टक्के धरली तर हातात २९ युनिट वीज. २५० किलोमीटरला भागलं की किलोमीटरला साधारण ११६ वॅट-तास. मध्यम वेगाने एकसारखं चाललेल्या सेडानला हा आकडा बसतो. म्हणजे दावा खोटा नाही. ही पायरी गाळू नका. पुष्कळ विद्यार्थी टीका म्हणजे खोडून काढणं असं समजतात आणि थेट हल्ला चढवतात. आधी गणित जुळतं का ते बघायचं, आणि जुळत असेल तर तसं सांगून टाकायचं.

मग पुढचा प्रश्न. ताशी ६२ किलोमीटरला ११६ वॅट-तास म्हणजे सरासरी सात किलोवॅटच्या आसपास. १० किलोवॅटच्या स्टॅकला हे पेलतं. पण घाट आला तर? दीड-पावणेदोन टनाची गाडी पाच टक्के चढावर ताशी ६० ने न्यायची तर नुसत्या चढासाठी आणखी १४ किलोवॅट लागतात. ते स्टॅककडे नाहीत. ते बॅटरीतून येणार, कारण ही गाडी मुळात बॅटरीवर चालणाऱ्या गाडीच्याच पायावर उभारली होती. त्यात गैर काही नाही, जगातल्या जवळपास सगळ्या फ्युएल सेल गाड्या अशा जोडीनेच चालतात. पण मग २५० किलोमीटर हा आकडा वाचताना विचारायचं, की निघताना बॅटरी किती भरलेली होती आणि पोचल्यावर किती उरली? भरलेली बॅटरी रिकामी करत गाडी पोचली असेल, तर त्या पल्ल्यातला काही भाग हायड्रोजनचा नाही, रात्री प्लगला लावलेल्या विजेचा आहे. सुरुवातीचा आणि शेवटचा चार्ज जुळवणं हा या चाचण्यांतला प्राथमिक नियम आहे. पत्रकात त्याबद्दल ओळ नाही. पत्रकाकडून ती अपेक्षाही नसते. पण तुमच्या सेमिनारमध्ये तुम्ही हा आकडा स्लाइडवर टाकणार असाल तर तुमच्याकडून असते.

दुसरं पत्रक २१ ऑगस्ट २०२२ चं, पुण्यातच दाखवलेल्या हायड्रोजन बसचं. केंद्रीय मंत्री जितेंद्र सिंह यांनी तेव्हा सांगितलं, की लांब पल्ल्याची एक डिझेल बस वर्षाला साधारण १०० टन कार्बन डायऑक्साइड सोडते. हेही तपासू. एक लिटर डिझेल जळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड. १०० टन म्हणजे ३७,३०० लिटर. लिटरला साडेचार किलोमीटर धरले तर वर्षाला १ लाख ६८ हजार किलोमीटर, रोज ४६० किलोमीटर. लांब पल्ल्याच्या बसला शक्य आहे.

आता हीच बस हायड्रोजनवर चालवा. युरोपात शहरी फ्युएल सेल बसला १०० किलोमीटरला आठेक किलो हायड्रोजन लागतो. त्या हिशेबाने वर्षाला १३,४४० किलो. हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवला, जसा आज बहुतेक बनतो, तर किलोमागे साधारण १० किलो कार्बन डायऑक्साइड. एकूण १३४ टन. डिझेलपेक्षा जास्त! तुम्ही म्हणाल, शहरी बस थांबत-थांबत जाते, लांब पल्ल्याला कमी लागेल. बरं, आठऐवजी सहा धरा. तरी १०१ टन, म्हणजे जिथून निघालो तिथेच. पाण्याचं विघटन करून बनवला, पण वीज ग्रिडची वापरली, तर किलोला ५५ युनिट आणि युनिटमागे ०.७ किलो, म्हणजे किलो हायड्रोजनमागे ३८ किलोच्या वर. आठच्या हिशेबाने वर्षाला ५०० टनांपेक्षा जास्त. आणि सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ठरवलेल्या हरित हायड्रोजनच्या व्याख्येप्रमाणे, म्हणजे किलोमागे जास्तीत जास्त २ किलो, बनवला तर २७ टन.

बस तीच, रस्ता तोच, धुराड्यातून बाहेर पडतं ते पाणीच. आणि वर्षाचं उत्तर २७ टन ते ५०० टन. म्हणून "हायड्रोजन बस स्वच्छ आहे का?" हा प्रश्नच अर्धवट आहे. सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेत "शून्य उत्सर्जन" लिहिण्याआधी रेषा कुठून कुठपर्यंत ओढली ते लिहा, नाहीतर परीक्षक ती ओढतील.

(पाण्याची काळजी मात्र लोक उगाच करतात. एक किलो हायड्रोजनला रासायनिक हिशेबाने ९ लिटर पाणी लागतं, शुद्धीकरणात जाणारं धरून दुप्पट समजा. रोज १५-२० किलो खाणाऱ्या बसला तीन-चारशे लिटर. बारवी धरणाला यामुळे काही होत नाही. प्रश्न विजेचा आहे.)

तिसरं पत्रक मार्च २०२५ चं, आणि माझ्या मते सगळ्यात वाचण्यासारखं. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनखाली पाच प्रायोगिक प्रकल्प मंजूर झाले. ३७ बस आणि ट्रक, ९ इंधन केंद्रं, १० मार्ग, सुमारे २०८ कोटींचं साहाय्य. ३७ पैकी १५ गाड्या फ्युएल सेलच्या, २२ गाड्यांत हायड्रोजन थेट इंजिनात जाळायचा. मार्गांमध्ये पुणे-मुंबई आहे. टाटा मोटर्सने त्याच महिन्यात आपल्या ट्रकच्या चाचण्या सुरू केल्या, २४ महिने चालणाऱ्या.

आधी एक मोह टाळा. २०८ भागिले ३७ करून "एका गाडीला साडेपाच कोटी" असं लिहू नका. त्यात केंद्रंही आहेत आणि हा फक्त सरकारी वाटा आहे. मूर्ख टीका चांगल्या टीकेची जागा खाते.

चांगली टीका प्रयोगाच्या रचनेवर होऊ शकते. दोन तंत्रज्ञानं आहेत आणि दहा मार्ग. मार्गामागे सरासरी चार गाड्याही नाहीत. एका मार्गावर इंजिनवाल्या आणि दुसऱ्यावर फ्युएल सेलवाल्या गाड्या फिरल्या, तर दोन वर्षांनी जो फरक दिसेल तो तंत्रज्ञानाचा की रस्त्याचा? दिल्ली-आग्रा सपाट आहे. पुणे-मुंबईत बोरघाट आहे. ५५ टन वजनाची लादलेली जोडगाडी खोपोलीहून लोणावळ्यापर्यंत साधारण ५५० मीटर चढते. फक्त उंचीचा हिशेब केला तरी ८२ युनिट. फ्युएल सेल आणि मोटर मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली तर साडेपाच किलो हायड्रोजन एका घाटात गेला. टायर, हवा, ट्रॅफिक सगळं वेगळं. हा ट्रक आणि आग्र्याचा ट्रक एकाच तक्त्यात शेजारी बसवले तर तो तक्ता काही सांगत नाही. उपाय संख्याशास्त्राच्या पहिल्या पुस्तकातला आहे. गाड्या मध्येच मार्ग बदलून चालवा, चालकही बदला. खर्च फार वाढत नाही. पत्रकात असं काही दिसत नाही, आणि या प्रकल्पांच्या अंतिम अहवालात मी पहिल्यांदा हेच शोधणार आहे.

इंजिनवाल्या गाड्यांबद्दल आणखी एक. हायड्रोजन हवेत जळतो तेव्हा हवेतला नायट्रोजनही तापतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. मिश्रण पातळ ठेवून ते कमी करता येतात, शून्य करता येत नाहीत. तेव्हा "फक्त पाणी बाहेर पडतं" हे वाक्य ३७ पैकी १५ गाड्यांनाच लागू आहे.

आता केंद्राकडे येऊ. फोटो गाडीचा निघतो, हार गाडीला घालतात, पण संशोधन शोधत असाल तर मला विचाराल तर केंद्राकडे बघा. सीएनजी आपल्याकडे २०० बारला भरतात. हायड्रोजन बस-ट्रकला ३५० आणि मोटारीला ७०० बार. इतक्या दाबाने वायू टाकीत शिरला की टाकी तापते. याचं कारण बरेच जण जूल-थॉमसन परिणाम म्हणून सांगतात, कारण हायड्रोजन नेहमीच्या तापमानाला प्रसरण पावताना गार होण्याऐवजी गरम होतो आणि ही गोष्ट परीक्षेत छान वाटते. पण त्याचा वाटा लहान आहे. मुख्य कारण साधं आहे, आत आधीच असलेला वायू दाबला जातो. रिकाम्या, उष्णता बाहेर न सोडणाऱ्या टाकीत आदर्श वायू भरला तर त्याचं निरपेक्ष तापमान १.४ पट होतं. चाळीस अंशांचा वायू दीडशे अंशांच्या पुढे! प्रत्यक्षात टाकीची भिंत उष्णता शोषते म्हणून एवढं होत नाही, पण मर्यादा ८५ अंशांचीच आहे. म्हणून ७०० बारच्या जलद भरणीत वायू आधी उणे ४० अंशांच्या आसपास गार करून घेतात. तो थंड करायचा, दाबायचा, यंत्रणा सतत तयार ठेवायची, या सगळ्याला वीज लागते. ती किलोमागे किती हे जपान-जर्मनीच्या हवेत मोजलेलं आहे. बदलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो. इथली मोजमापं इथेच घ्यावी लागतील.

याचा पल्ल्याशीही संबंध आहे. टाकी ८५ अंशांवर ३५० बार दाखवत असेल, तर तिच्यात १५ अंशांवरच्या ३५० बारपेक्षा जवळपास १५ ते २० टक्के कमी हायड्रोजन असतो. काटा "भरली" म्हणतो, टाकी भरलेली नसते. कुठल्याही चाचणीत दाब दिला आणि तापमान नाही दिलं, तर वस्तुमान दिलेलं नाही असंच समजा.

केंद्रांचा अपघातांचा इतिहासही वाचा, घाबरायला नव्हे. १० जून २०१९ ला नॉर्वेत ऑस्लोजवळ सँडविका इथल्या केंद्रात स्फोट झाला. कारण निघालं उच्च दाबाच्या साठवण टाकीच्या प्लगचे नीट न आवळलेले बोल्ट. नवं विज्ञान नाही, पाना आणि तपासणीचा कागद. त्याआधी मे महिन्यात दक्षिण कोरियात गांगनुंग इथे प्रायोगिक प्रकल्पाची टाकी फुटून दोघे गेले. तिथे पाण्याच्या विघटनातला ऑक्सिजन हायड्रोजनच्या टाकीत शिरला होता. हे आपल्यासाठी जास्त महत्त्वाचं. इलेक्ट्रोलायझर कमी भारावर चालला की हायड्रोजनमध्ये मिसळणाऱ्या ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं, आणि सौर वीज म्हणजे सकाळ-संध्याकाळ कमी भारच. आपल्याकडे अशा टाक्यांना परवानगी देणारी संस्था पेसो, मुख्यालय नागपूरला.

पैशांचं उदाहरण फ्रान्समधलं. माँपेलिए शहराने ५१ हायड्रोजन बस घ्यायचं ठरवलं होतं आणि जानेवारी २०२२ मध्ये बेत रद्द केला. हायड्रोजन बस चालवायला किलोमीटरला ९५ सेंट, बॅटरीवाल्या बसला १५ सेंट, असा त्यांचा हिशेब निघाला. हे ऐकून "हायड्रोजन संपला" म्हणू नका. शहरी बस रात्री डेपोत उभी राहते, तिला बॅटरी सोयीची पडते. घाटातून ५५ टन घेऊन दिवसभर पळणाऱ्या ट्रकचा हिशेब वेगळा लागू शकतो, आणि तोच मोजायला तर ही चाचणी आहे.

आमच्या भागापुरतं एक सुचवतो. उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर हा रसायनांचा पट्टा आहे. कॉस्टिक सोडा बनवताना टनामागे २५ किलो हायड्रोजन आपोआप मिळतो. असा हायड्रोजन गाड्यांना द्यावा ही कल्पना कुणालाही सुचते. दोन अडचणी आहेत. एक, तो आज कुठे बॉयलरमध्ये जळत असेल, तर तो काढून घेतल्यावर बॉयलरला काय घालणार? दोन, शुद्धता. फ्युएल सेलसाठीच्या आयएसओ १४६८७ मानकात हायड्रोजन ९९.९७ टक्के लागतो, हे सगळ्यांना पाठ असतं. खरी मेख उरलेल्या ०.०३ टक्क्यांत आहे. कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत ०.२ भाग, गंधक दहा लाखांत ०.००४ भाग. प्लॅटिनमवर हे चिकटून बसतात आणि जागा सोडत नाहीत. गंधकाचं इतकं कमी प्रमाण मोजायचं तर नमुना घ्यायच्या बाटलीच्या भिंतीवरच अर्धं गंधक राहून जाऊ शकतं. इंजिनवाल्या गाडीला हे सगळं चालून जातं, आणि २२ विरुद्ध १५ या वाटणीकडे त्या नजरेनेही बघता येतं.

विषय शोधत असाल तर नमुन्याची ती बाटली बघा. आतून कोणता लेप द्यायचा, किती दिवसांत वायू तपासायचा, भर उन्हातून ट्रकने प्रयोगशाळेत नेला तर आकडा बदलतो का. याला गॅस क्रोमॅटोग्राफ लागेल, बरीच चिकाटी लागेल, आणि एखादा कारखाना नमुना द्यायला तयार व्हावा लागेल. तिसरी गोष्ट मिळवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, तेव्हा पत्र आधी पाठवून ठेवा.