कार्थेजच्या नाण्यावरचा हत्ती

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात कार्थेजच्या बार्का घराण्याने स्पेनमध्ये चांदीची नाणी पाडली. त्यातले मोठे नाणे साधारण राणीछाप रुपयाएवढे. एका बाजूला खांद्यावर गदा टाकलेला मेलकार्त-हेराक्लीज. हा चेहरा देवाचा नसून हॅनिबलचा बाप हमिल्कार याचा असावा, असा वाद जाणकार हौसेने घालतात. घालोत बापडे. खरी कलाकृती मागच्या बाजूला आहे: माहुताला घेऊन निघालेला हत्ती.

आधी त्याची पाठ पाहावी. आपल्या आशियाई हत्तीची पाठ मध्यावर फुगीर असते. इथली रेघ खांद्याशी उंच, मध्ये खोलगट आणि पुठ्ठ्यावर पुन्हा वर चढलेली. ठसा कोरणाऱ्याने एवढी एकच रेघ ओढली असती, तरी जनावर आफ्रिकेचे हे पटले असते. पण त्याचा हात थांबत नाही. कान तो थेट खांद्यावर पसरवतो. आशियाई हत्तीचा कान यापुढे आटोपशीर. आफ्रिकेच्या उन्हात अंगातली उष्णता बाहेर टाकायला रक्तवाहिन्यांचे जाळे असलेला हा विस्तार कामी येतो. चांदीत मात्र तो निव्वळ डौल होतो.

कपाळाशी भारतीय नजर अडखळते. संस्कृत कवी ज्या जोडकुंभांवर लुब्ध झाले, ते इथे नाहीतच. आशियाई हत्तीच्या माथ्यावर दोन उंचवटे आणि मध्ये खळगा असतो. आफ्रिकी कपाळ एकसलग उतरते. आमच्या शिल्पींच्या हत्तीला त्या कुंभांमुळे जे भारदस्त गांभीर्य येते, ते या नाण्यात नाही. त्याऐवजी मान वर उचललेल्या चालीतली ऐट आहे.

माहूत मात्र हत्तीच्या मानाने मोठा दिसतो. ही निव्वळ कारागिराची सोय असेलही. पण उत्तर आफ्रिकेतले, आता नामशेष झालेले हत्ती लहान चणीचे होते, असे अनेक अभ्यासक मानतात. इ. स. पू. २१७ मध्ये राफियाच्या लढाईत इजिप्तचा राजा टॉलेमी याचे आफ्रिकी हत्ती सीरियाचा राजा अँटिओकस याच्या भारतीय हत्तींना बिचकले आणि त्यांचा आकारही त्याला कारण होता, असे ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस लिहितो. आजच्या सव्हानातल्या सहा टनी नराशेजारी आपला चार टनी हत्ती उभा केला, तर हे वाक्य उलटेच वाटेल.

सोंडेच्या टोकाला आफ्रिकी हत्तीला दोन बोटे असतात, आशियाईला एक. इतक्या लहान जागेत ती शोधण्यात अर्थ नाही. सुळा मात्र ठसठशीत आहे, आणि तो पाहताच आपण या जनावराला नर ठरवून मोकळे होतो. ही आपल्याकडची सवय. आशियात लांब सुळे नरालाच, तेही सगळ्यांना नाहीत. बिनसुळ्याच्या नराला मखना म्हणतात. आफ्रिकेत माद्याही सुळे मिरवतात. तेव्हा बार्का घराण्याचा हा रुबाबदार हत्ती, निदान सुळ्यावरून तरी, हत्तीण नाही असे म्हणता येत नाही.